चॅपेल हिलचे शंभर मतदार

मीरा-भाईंदरहून मास मीडिया शिकायला निघणाऱ्या मुलामुलींचं कौतुक कुणीतरी करायला हवं. सकाळच्या गर्दीत भाईंदरच्या फलाटावर विरार फास्ट लागते. दारात विरार-नालासोपाऱ्याची मंडळी. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला फलाटावरच ठेवायचं, हे ती एका नजरेत ठरवतात. आपला विद्यार्थी फलाटावर राहतो. मागच्या गाडीने, कसाबसा एका पायावर, तो दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात पोचतो, आणि तिथे त्याला ‘गेटकीपिंग’ शिकवतात. १९५० साली डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात तारेवरच्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाचा अभ्यास केला, त्याला ‘मिस्टर गेट्स’ असं नाव दिलं, आणि तो कुठली बातमी आत घेतो नि कुठली बाहेर ठेवतो याची नोंद केली. विद्यार्थी सगळं लिहून घेतो. सकाळच्या दारातला माणूस त्याला आठवतसुद्धा नाही. एवढी एकाग्रता आमच्या पिढीत नव्हती.

मुंबई विद्यापीठाने हा अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा त्याचं नाव बीएमएम होतं. पुढे ते बीएएमएमसी झालं. लोक अजून बीएमएमच म्हणतात. लोकांपर्यंत कसं पोचावं हे शिकवणाऱ्या पदवीचं नवं नाव लोकांपर्यंत पोचलं नाही, म्हणून काही कुत्सित माणसं हसतात. सिद्धान्त आणि व्यवहार यांत सोवळं पाळायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

हे सोवळं जुलै २०२५ मध्ये विटाळता विटाळता वाचलं. मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. ती मोबाइलवर चित्रित झाली आणि चित्रफीत देशभर फिरली. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा ठरला. पोलिसांनी परवानगी नाकारली, धरपकड केली, तरी लोक जमले. मंत्री प्रताप सरनाईक मोर्चात गेले, तर घोषणांमुळे त्यांनाच परतावं लागलं. भाषा, बाजार, पक्ष, पोलीस, कॅमेरे असा अख्खा अभ्यासक्रम स्टेशनबाहेर येऊन उभा राहिला, तोही विनाशुल्क.

आपला विद्यार्थी बधला नाही. लोकांनी कशाचा विचार करावा हे माध्यमं ठरवतात, असा ‘अजेंडा सेटिंग’चा सिद्धान्त मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी १९७२ मध्ये मांडला. त्यासाठी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल गावच्या शंभर मतदारांशी बोलले होते. हे शंभर जण आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडी आहेत. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती ८ लाखांवर होती. त्यांतल्या खालच्या किराणावाल्या शेठला किंवा मोर्चाला गेलेल्या शेजारच्या काकांना ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारणं शक्य होतं. पण ते ओळखीचे पडले, आणि ओळखीच्या माणसाला संदर्भसूचीत कुठे घालायचं? उत्तनच्या कोळणींना मराठीबद्दल काय वाटतं हा प्रश्न तर निघालाच नाही. उत्तनला जायचं म्हणजे बस बदलावी लागते.

बाळशास्त्री जांभेकरांच्या वेळी अशा आयत्या सिद्धान्तांची सोय नव्हती. त्यामुळे ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांना नाइलाजाने ‘दर्पण’ काढावं लागलं.

अडोर्नो आणि हॉर्कहायमर या विचारवंतांचंही तसंच काहीसं. ‘संस्कृती-उद्योगा’वरचं त्यांचं प्रकरण १९४० च्या दशकातलं, त्या काळात ते लॉस एंजेलिसला, हॉलिवूडच्या शेजारी राहत होते. शेजार बघण्याची वाईट खोड, दुसरं काय! आपल्याकडे काशिमीरा-घोडबंदर पट्ट्यात मालिकांची शूटिंगं चालतात. पत्र्याच्या छपराखाली वाडा, देवघर, पोलीस ठाणं असं सगळं उभं राहतं, नि पाडलं जातं. विद्यार्थी रिक्षातून तिथून जातो तेव्हा मांडीवर नोट्स उघड्या असतात, आणि त्यांत अडोर्नोच असतो.

पदवी मिळाली की त्याला इथल्याच एखाद्या बिल्डरकडे सोशल मीडियाचं काम मिळतं. पहिल्याच दिवशी तो लिहितो, ‘निसर्गाच्या कुशीत, स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं.’ अंतर चालून बघायला तो जात नाही. पाच हा आकडा त्याला बिल्डरने दिलेला असतो, आणि बिल्डरचं नाव संदर्भसूचीत बिनधोक घालता येतं.