वसुंधरा वाचवायला विमानाने कसे जावे
(नवशिक्यांसाठी)

आंतरराष्ट्रीय परिषदेचे निमंत्रण आले की ‘आपण जाणे खरोखर गरजेचे आहे का?’ हा प्रश्न मनात डोकावतो. तो प्रश्न या पुस्तिकेत घेतलेला नाही. त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते, आणि मग पुढची पाने वाचणार कोण?

आधी स्टीलची बाटली घ्यावी. पृथ्वी वाचवण्याचे निम्मे काम ती करते, निदान फोटोत तरी. मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणीपूर्वी ती रिकामी करावी लागते. पाणी फेकणे जिवावर येत असेल तर रांगेत उभ्या उभ्याच घटाघटा पिऊन टाकावे आणि पलीकडे गेल्या गेल्या स्वच्छतागृहाची पाटी शोधावी. विमानात पाणी मागताना बाटली ऐटीत पुढे करावी. हवाई सुंदरी गोड हसते, प्लास्टिकच्या कपात पाणी भरते, ते तुमच्या बाटलीत ओतते आणि कप कचऱ्यात टाकते. आपण ‘थँक्यू’ म्हणावे.

तिकिटाचे फार मनावर घेऊ नये. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासचा प्रवासी इकॉनॉमीवाल्याच्या साधारण तिप्पट कर्ब उत्सर्जन आपल्या नावावर घेतो, कारण तो जागा तेवढी अडवतो. तेव्हा मागे बसावे. नाहीतरी पुढे कोण बसवतंय! उड्डाण घेताना इंधन भसाभसा जळते, म्हणून थेट विमान बरे. पण ऑफिस तीन कोटेशने मागवून सर्वांत स्वस्त तिकीट काढते, आणि ते दोन ठिकाणी उतरत, चढत जाते. स्वस्ताई हीदेखील एक बचतच आहे, असे समजावे.

एखादा खवचट सहकारी म्हणेलच, की २०२१च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या उत्सर्जनाच्या प्राथमिक अंदाजात सुमारे ६० टक्के वाटा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचाच होता. अशा वेळी विषय जेवणाकडे वळवावा. त्याच परिषदेत मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे त्याचे उत्सर्जन छापले होते. हॅगिस, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांचा स्कॉटिश प्रकार, ३.४ किलो, त्याचाच शाकाहारी अवतार ०.६ किलो. शाकाहारी घ्यावा आणि ‘२.८ किलो वाचवले’ असे घरी कळवावे. विमानाचा हिशेब टनाच्या मापाने होतो, पण तो घरी कोण विचारतो?

विमान नकोच, असा ज्यांचा बाणा आहे त्यांनी ग्रेटा थनबर्गचा कित्ता गिरवावा. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती प्लिमथहून शिडाच्या होडीने दोन आठवड्यांत न्यूयॉर्कला पोचली. होडी परत आणायला काही खलाशी विमानाने गेले, हा तपशील पहिल्या वाचनात गाळला तरी चालेल. पुढची परिषद चिलीत व्हायची होती; तिथे आंदोलन पेटले, परिषद माद्रिदला हलली आणि ही पोरगी अटलांटिकच्या भलत्याच काठावर. पुन्हा होडी शोधा! नवशिक्यांनी शीड उभारण्यापूर्वी परिषदेचे स्थळ लेखी पक्के करून घ्यावे.

हॉटेलात टॉवेल खुंटीला टांगावा. जमिनीवर टाकला तर तो धुतात. हॉटेलात खोली न मिळाल्यास निराश होऊ नये: २०२५ साली ब्राझीलच्या बेलेममधल्या हवामान परिषदेला खोल्या कमी पडल्या तेव्हा दोन क्रूझ जहाजे आणून उभी केली होती. ॲमेझॉनच्या जंगलाची चिंता जहाजावरूनही करता येते. टॉवेलाचा नियम तिथेही तोच.

झाडे लावून भरपाई करण्याचा पर्याय तिकीट काढतानाच येतो. चौकोनावर टिचकी मारावी. झाड कुठे लागले ते पाहायला जाऊ नये. आपल्याकडे खड्डा तोच आणि रोप दरवर्षी नवे, हे ठाऊक असलेल्यांनी तर मुळीच नाही.

परतल्यावर प्रवासभत्त्याचे बिल तीन प्रतींत भरावे. मोबाइलवरचा बोर्डिंग पास हिशेब विभागात चालत नाही, म्हणून जाता-येतानाचे सगळे पास कागदावर छापून घ्यावेत, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात आणि ‘कागदविरहित परिषद : एक अनुभव’ या अहवालाला जोडाव्यात. पाठपोट काढल्यास परत पाठवतात.