रस्ता पाठ असलेले तात्या

अहिल्यानगर जिल्ह्यात बर्फ पडत नाही, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरसुद्धा नाही. त्यामुळे हिवाळ्यात गाडी जपून चालवणे हा शिकागोतल्या भाच्याला फोनवर सांगायचा विषय आहे, असे तात्या मानतात. "निसरड्यावर ब्रेकवर उभा राहू नको रे, वेगच कमी ठेव," असे ते त्याला बजावतात आणि सल्ला अगदी बरोबर असतो. मग पौषातल्या पहाटे तात्या स्वतः कोपरगावहून नगरला निघतात, ऐंशीच्या वेगाने. नगर-मनमाड रस्त्यालगतच्या प्रत्येक गावात असे एकदोन तात्या सापडतात. त्यांना बेफिकीर म्हणणे अन्याय होईल. ते टायरची हवा तपासतात, डॅशबोर्डवरच्या साईबाबांना हात जोडतात. त्यांचा दोष वेगळाच आहे: त्यांना रस्ता पाठ आहे. राहुरीच्या अलीकडचा खड्डा, कोल्हारच्या पुलाआधीचे वळण, सगळे तोंडपाठ. "डोळे झाकून जाईन," असे ते म्हणतात, आणि धुके त्यांना शब्दशः तशी संधी देते.

पाटाच्या पाण्याने ओलावलेली उसाची रानं, निरभ्र रात्र आणि पडलेला वारा एवढे जमले की प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात पहाटे पांढरा अंधार होतो. पन्नास मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामान खाते त्याला अतिदाट धुके म्हणते. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर पळते. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत ते बावीस संपतात आणि त्यापुढे कोरड्या डांबरावरही थांबायला तिसाहून अधिक मीटर लागतात. हा हिशेब तात्यांच्या पाठांतरात नाही. शिवाय गळीत हंगामात डांबर कोरडे कुठे असते? ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेली काळी चिकट माती दवाने भिजली की आमच्याकडचा बर्फ तयार होतो. फक्त तो पांढरा नसल्याने कोणी फोन करून बजावत नाही. समोरचे दिसेना म्हणून तात्या अप्पर लावतात. तो प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटा त्यांच्याच डोळ्यांत येतो. मग डिप्परवर येण्याऐवजी ते काच पुसतात.

तात्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे खरे. पण त्या तीस वर्षांतल्या बहुतेक दिवशी लख्ख ऊन होते, आणि उन्हात कमावलेली पत ते धुक्यात खर्च करतात. "हळू गेलो तर मागचा येऊन ठोकतो," या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. म्हणूनच मागचे दिवे चालू हवेत, रस्त्यात मध्येच थांबू नये, आणि अगदीच दिसेना झाले तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर गाडी पूर्ण आत घ्यावी. तात्या यातले काही करत नाहीत. ते एसटीच्या मागच्या लाल दिव्याला चिकटून जातात. ज्यांना रस्ता पाठ आहे त्यांना एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे कशाला लागतात, हा प्रश्न तेवढा विचारायचा नसतो.

त्यांचा सर्वांत सबळ आक्षेप ट्रॅक्टरवाल्यांवर आहे. एकामागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पाठ असलेल्या रस्त्यावर काल नसलेली भिंत आज उभी. चूक ट्रॉलीवाल्याचीच, यात वाद नाही. पण चूक कोणाची हे ठरल्याने थांबायचे अंतर मीटरभरही कमी होत नाही. शिवाय त्याच आठवड्यात तात्यांच्या स्वतःच्या उसाला तोड येते. रात्री दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे निघतात. मागे रिफ्लेक्टर लावला का, असे कोणी विचारलेच तर तात्या हसून म्हणतात, "आवो, आपला ड्रायव्हर जुनाय. त्याला रस्ता पाठ आहे."