बॉनेट न उघडणारी गाडी

दीड कोटीची गाडी घेणारा माणूस त्या गाडीबद्दल फारसं बोलत नाही. त्याला ती घ्यायची असते, तो घेतो, आणि मागच्या सीटवर बसून फोनवर भलत्याच विषयावर बोलत निघून जातो. मतं असतात ती न घेणाऱ्यांना. घेणाऱ्याच्या मतात हप्ता, पार्किंग, बायको, इन्कमटॅक्स अशी बरीच भेसळ असते. ज्याला घ्यायचीच नाही, त्याचं मत मात्र शुद्ध असतं. मी अशी शुद्ध मतं बाळगणाऱ्यांपैकी आहे, आणि पुण्यात राहत असल्यामुळे या क्षेत्रात मला सोबतीची कमतरता नाही.

सध्या आमच्या मतांचा विषय आहे मर्सिडीजची ईक्यूएस ५८०. परक्या गाडीला नावं ठेवणं सोपं असतं, पण ही अगदीच परकी नाही. मर्सिडीज आधी पिंपरीला टेल्कोच्या आवारात बिऱ्हाडाला होती, २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या घरी गेली आणि तिथेच ही विजेवरची लांबलचक गाडी जुळवली जाऊ लागली. ३० सप्टेंबर २०२२ रोजी ती १ कोटी ५५ लाखांना बाजारात आली. भारतात जुळवलेली ही पहिलीच आलिशान इलेक्ट्रिक मोटार. तिची थोरली बहीण, एएमजी ईक्यूएस ५३, महिनाभर आधी परदेशातून तयार होऊन आली होती, तिची किंमत २ कोटी ४५ लाख. थोरलीच्या अंगात ताकद जास्त आहे हे मान्य. पण ९० लाखांच्या त्या फरकात ताकद किती आणि आयातकर किती, हे ज्याने त्याने समजून घ्यावं. आम्ही एवढंच म्हणतो, की चाकणच्या ट्रॅफिकची इतकी किंमत याआधी कुणी केली नव्हती.

आता मूळ प्रश्न. ॲव्हरेज किती देते?

दीड कोटीच्या गाडीबद्दल असं विचारू नये, असं काही सुसंस्कृत लोक म्हणतात. त्यांनी खुशाल म्हणावं. विमानतळावर विमान बघूनही आपल्याकडे हा प्रश्न ओठांपर्यंत येतोच. पूर्वी उत्तर सोपं होतं. मालक ‘पंधरा’ म्हणाला की आपण अकरा समजायचं, आणि अकरा म्हणाला की डिझेल आहे का विचारायचं. विजेच्या गाडीने हा हिशेब बिघडवला. तिचा मालक ॲव्हरेज सांगतच नाही, तो रेंज सांगतो. आणि ईक्यूएसची अधिकृत रेंज आहे ८५७ किलोमीटर.

हा आकडा एआरएआयने प्रमाणित केलेला. म्हणजे पुन्हा आमच्याच गावचा. ज्या टेकडीवर आम्ही सकाळी फिरायला जातो आणि जिला तिच्या मूळ नावाने न ओळखता एआरएआयची टेकडी म्हणतो, तिथली ही संस्था. तिथे गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे पळवतात आणि बॅटरी किती पुरली ते मोजतात. त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही. समोरून रिक्षा येत नाही, उजवीकडून कुणी ओव्हरटेक करून डावीकडे वळत नाही, आणि चांदणी चौक तर येतच नाही. इतक्या सुखात कुणीही लांबवर जाईल. याच मॉडेलला अमेरिकेच्या सरकारी चाचणीत ३४० मैल मिळाले, म्हणजे साधारण ५४७ किलोमीटर. पुण्याहून बंगळूर सुमारे ८४० किलोमीटर. म्हणजे आपल्या कागदावर गाडी बंगळूरला पोचून वर कॉफी प्यायला शिल्लक राहते, आणि अमेरिकेच्या कागदावर ती राणेबेन्नूरजवळ थांबते. दोन्ही कागद खरे आहेत. खरं काय ते गाडी कोण चालवतंय यावर आहे.

पण आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी यावरही मात केली. ते महावितरणमध्ये होते. त्यांनी विचारलं, बॅटरी किती युनिटची? बॅटरी १०७.८ किलोवॅट-तासाची, आणि एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइटबिलातलं एक युनिट. काकांनी तोंडी भागाकार केला. एआरएआयच्या हिशेबाने युनिटला आठ किलोमीटर, अमेरिकेच्या हिशेबाने पाच. ‘म्हणजे ॲव्हरेज पाच ते आठ,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनी शांती परत आली. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला गाडीच्या कुठल्याही जाहिरातीत सापडली नाही. घरगुती वीजबिलाचा पहिला, स्वस्त टप्पा महिन्याला १०० युनिटपर्यंत असतो. ही गाडी एकदा पोटभर जेवली की तो टप्पा संपतो. एका बैठकीत. पंख्याची पाळी यायच्या आधीच.

चार्जिंगचं प्रकरण आलिशान गाडीला अगदी जमिनीवर आणतं. पेट्रोलची मर्सिडीज घेणाऱ्याला सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं लागत नव्हतं. विजेची मर्सिडीज घेणाऱ्याला विचारावं लागतं. पार्किंगमध्ये चार्जर लावायचा म्हणजे वायर कुठून न्यायची, मीटर कुठे बसवायचा, लोड पुरेल का, हे सगळं वार्षिक सर्वसाधारण सभेत येतं. आणि ज्या सभेत पाण्याच्या टाकीला आतून रंग कोणता द्यावा यावर दोन तास जातात, तिथे हा विषय आला की काय होत असेल याची कल्पना करा. चार्जरमुळे लिफ्ट बंद पडेल, असं पहिल्या मजल्यावरचे सांगतात. आग लागेल, असं व्हॉट्सॲप वाचणारे सांगतात. ‘उद्या सगळ्यांनीच मर्सिडीज घेतल्या तर?’ असा दूरदर्शी प्रश्नही कुणीतरी विचारतं आणि क्षणभर सगळी सभा त्या सुखद शक्यतेत हरवून जाते.

परवानगी मिळेपर्यंत साध्या पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटवर भागवायचं म्हटलं, तर रिकामी बॅटरी भरायला साधारण दीड दिवस लागतो. ११ किलोवॅटचा चार्जर बसवला तर दहा तासांत काम होतं. रस्त्यावरचा तगडा चार्जर सापडला तर दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत जायला ३१ मिनिटं लागतात असं कंपनी सांगते. ३१ मिनिटं म्हणजे एक्स्प्रेसवेच्या फूडमॉलवर वडा, चहा आणि स्वच्छतागृहाची रांग. तेवढा वेळ आपण तसाही घालवतोच, आणि आपली गाडी तर चार्जही होत नसते.

परवानगी मिळाली तरी जागा हवी. ही गाडी ५.२ मीटर लांब आहे. आपल्याकडे पार्किंगची आखणी मोटारीमागे साधारण ५ मीटरची. म्हणजे दीड कोटी मोजल्यावर गाडी रेघेबाहेर वीतभर उरतेच. सोसायटीतल्या भांडणांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना सांगायला नको, की इतिहासातली मोठमोठी भांडणं वीतभर जागेवरूनच झाली आहेत.

ऑर्डर देऊन वाट बघणं हा वेगळाच रस आहे आणि त्यात पुणेकराला कुणी शिकवू नये. आकुर्डीच्या चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले होते. मुंजीच्या सुमारास नाव नोंदवलं की स्कूटर लग्नापर्यंत हाती येई, असा तो काळ. त्यामुळे ३१ मार्च २०१६ रोजी टेस्लाने मॉडेल ३ जाहीर केली आणि भारतातूनही एक हजार डॉलर भरून नाव नोंदवता येईल असं कळलं, तेव्हा जुन्या पिढीला त्यात नवल वाटलं नाही. तेव्हाचे साधारण सहासष्ट हजार रुपये. गाडी पाहिलेली नाही, किंमत माहीत नाही, देशात दुकान नाही, तरी नंबर लावायचा: हे आमच्या रक्तातच आहे. पुढे नऊ वर्षं गेली. १५ जुलै २०२५ ला टेस्लाचं दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं, मुख्यमंत्री आले, फोटो निघाले. पण आत उभी होती ती मॉडेल वाय, उंच बांध्याची आणि साठ लाखांच्या घरातली. ज्या सेडानसाठी लोकांनी नंबर लावला होता ती तिथे नव्हतीच. दालन उघडायच्या थोडं आधी त्या जुन्या नोंदणीचे पैसे परत करण्याची पत्रं गेली होती. चेतकवाल्यांना निदान चेतकच मिळाली.

करांबद्दल थोडक्यात. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, मग ती दहा लाखांची असो की दीड कोटीची. पेट्रोलच्या मोठ्या गाडीवर ४० टक्के. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर लावायचं ठरलं आणि महिना संपायच्या आत ते मागेही घेतलं गेलं. पर्यावरणासाठी हे योग्यच असेल. मला फक्त हिरवी नंबरप्लेट आवडते. भाजीवाल्याच्या पोराची विजेवरची स्कूटर आणि ही मर्सिडीज सिग्नलला शेजारी उभ्या राहतात तेव्हा दोघींची पाटी सारखीच हिरवी असते, आणि सिग्नल सुटल्यावर लक्ष्मी रोडवर पुढे कोण जातं हे सांगायला ज्योतिषी नको.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. या गाडीचं बॉनेट उघडत नाही.

म्हणजे कारखान्यातल्या माणसाला उघडता येतं. मालकाला नाही. खाली मालकाने बघावं असं काही नाही, म्हणून कंपनीने ते बंदच ठेवलं आहे. काचेवर उडवायचं वायपरचं पाणी तेवढं मालकाने घालायचं, त्यासाठी डाव्या मडगार्डवर एक छोटंसं झाकण दिलं आहे. बस. दीड कोटींत मालकाच्या हाताला एवढाच अधिकार.

मला हे फार लागलं. गाडी रस्त्यात बंद पडते, बॉनेट वर जातं आणि त्याखाली चार अनोळखी माणसं डोकं घालून उभी राहतात, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला एक मोठा प्रसंग आहे. त्यातल्या एकालाही इंजिनातलं कळत नसतं. तरी एकजण म्हणतो ‘करंट येत नाहीये,’ दुसरा म्हणतो ‘कचरा आलाय,’ तिसरा पाणी आणायला धावतो आणि चौथा ‘धक्का मारा’ म्हणतो. धक्क्यानेच गाडी सुरू होते. मालक आणि आपण यांच्यातलं अंतर तेवढ्या दहा मिनिटांत पुसलं जातं. लिमये असो, शेख असो, करोडपती असो, बॉनेटखाली सगळ्यांचे हात सारखेच काळे. ईक्यूएसने हा सोहळाच बंद केला. तिला धक्का मारावा तर तिचं वजन अडीच टनांच्या घरात. ती बिघडली तर स्वतःच कंपनीला कळवते. आपण तिथे काय करायचं?

कानांचंही तेच. गाडीचा आवाज ऐकून ‘टॅपेट वाजतायत’ म्हणणारे लोक होते, त्यांना मोहल्ल्यात मान होता. या गाडीला आवाज नाही. आत बसणाऱ्याला हवा असेल तर स्पीकरमधून आवाज लावता येतो, आणि त्या आवाजांनाही नावं आहेत. वॉचमनला गाडी चालू आहे की बंद हे कळत नाही, म्हणून तो दोन्ही वेळा सलाम करतो.

पूजेचा प्रश्नही सुटलेला नाही. नवी गाडी सारसबागेत नेली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, इथवर ठीक. पण हार कुठे अडकवायचा? समोर जाळी नाही, गुळगुळीत काळी पाटी आहे, आणि गाडी पुढचं बघते ती याच भागातल्या सेन्सरांतून. झेंडूचा हार तिथे घातला तर गाडीला रस्ताभर झेंडूच दिसणार. आत सगळ्या डॅशबोर्डभर एकसंध काच, १४१ सेंटीमीटरची. तिथे गणपती चिकटवायला जागा शोधून दाखवा.

मग गाडी वाईट आहे का? अजिबात नाही. मागच्या सीटवर बसायला ती उत्तम असणार. हवेला इतका कमी विरोध करणाऱ्या गाड्या फार थोड्या आहेत, आणि खड्ड्यांच्या शहरात तिचं हवेचं सस्पेन्शन पोटाला सुख देईल. बंगला असेल, अंगणात चार्जर बसत असेल, आठवड्याला मुंबईच्या फेऱ्या असतील, तर घ्यावी. बोरघाट उतरताना वीज परत बॅटरीत जाते, हा एक आनंद पेट्रोलवाल्यांच्या नशिबी नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी सभेत ठराव मंजूर करून घ्या, गाडीचं मग बघू. आणि जुन्या बाजारात विकून पैसे वसूल होतील असा विचार असेल तर घेऊच नका. असं माझं मत. त्याला कुणी पैसे लावलेले नाहीत.

ज्यांनी घेतली आहे त्यांना मात्र एक विनंती आहे. पुढच्या वेळी वायपरचं पाणी भराल तेव्हा ते ड्रायव्हरकडून बेसमेंटमध्ये गुपचूप भरून घेऊ नका. गाडी गेटपाशी आणा, ते डाव्या मडगार्डवरचं झाकण उघडा आणि सावकाश पाणी ओता. आम्ही चारपाचजण भोवती उभे राहू. कुणीतरी ‘कचरा आलाय’ म्हणेल. म्हणू द्या.