बारावं बटण

आमच्या घरातला फ्लॅट आई-बाबा दोघांच्या नावावर आहे, गॅस आईच्या नावावर आहे आणि टीव्ही एकट्या बाबांचा आहे. 1991 साली दादरला घेतलेला हा 21 इंची रंगीत टीव्ही त्यांनी टॅक्सीच्या मागच्या सीटवर निजवला, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले आणि मुलुंडपर्यंत मागे वळून बघत आले. आई सांगते, मला हॉस्पिटलातून घरी आणताना ते पुढेच बघत होते.

त्याच दुकानात रिमोटवालं मॉडेलही होतं. ते महाग होतं, शिवाय घरात मुलगा असताना रिमोट कशाला, असा बाबांचा रोकडा सवाल होता. पुढची कितीतरी वर्षं मी ते काम इमानाने केलं. लग्नानंतर मी ठाण्याला राहायला गेलो तेव्हा बाबांनी आपली आरामखुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ओढून घेतली. माझी जागा त्यांच्या उजव्या हाताने भरून काढली.

टीव्हीला बारा बटणं. त्यांच्या बाजूला एक झाकण, ते दाबलं की आतून खण बाहेर यायचा. हळदी-कुंकवाच्या करंड्यासारखा प्रकार. त्यात प्रत्येक बटणाचं एकेक इवलंसं चाक आणि तीन घरांची खुंटी. खुंटी योग्य घरात सारायची आणि चाक नखाने फिरवत राहायचं. आधी मुंग्या, मग मुंग्यांतून माणूस, मग माणसाला रंग, शेवटी आवाज. ही कारागिरी फक्त बाबांना येत असे. पहिल्या बटणावर दूरदर्शन, शेवटचं बारावं व्हीसीआरसाठी राखीव आणि मधली दहा केबलची. केबलवर शंभराच्या आसपास चॅनेल दिसू लागले तरी बाबा दहावरच थांबले होते. "बाकीचे नव्वद बघायचे तर नोकरी सोडावी लागेल," असं ते निवृत्त झाल्यावरही म्हणत.

मग सरकारने ठरवलं की मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत केबल डिजिटल होणार. मुदत 30 जून 2012. केबलवाला चिठ्ठी टाकून गेला, त्याच्या मुलाने दोनदा बेल वाजवली, पडद्यावर पट्ट्या फिरू लागल्या. बाबा ढिम्म. जूनमध्येच मुदत 31 ऑक्टोबरवर गेली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला. "बघ, माघार घेतली."

1 नोव्हेंबरला सकाळी दहाही बटणांवर मुंग्या होत्या. पहिलं तेवढं चालू होतं, कारण गच्चीवरचा जुना अँटेना बाबांनी कधी उतरवला नव्हता आणि वरळीचा मनोरा आपलं काम करत होता. बाबा दिवसभर दूरदर्शन बघत बसले, लंघन करणाऱ्या माणसाच्या करारी चेहऱ्याने. आईची मालिका मात्र वरळीहून येत नव्हती. रात्री साडेआठला तिने स्वयंपाकघरातून एवढंच विचारलं, "अहो, बॉक्स कितीला मिळतो?"

मुळात घोटाळा असा आहे की जुन्या पद्धतीत एका चॅनेलला हवेत किंवा तारेत जेवढी ऐसपैस जागा लागते, तेवढ्यातच डिजिटलवाले दहा-बारा चॅनेल दाटीवाटीने बसवतात. आपल्या लोकलमधल्या चौथ्या सीटचंच तत्त्व. पण त्यासाठी चित्राचे आधी आकडे करावे लागतात आणि जुन्या टीव्हीला आकडेमोड येत नाही. त्याला तारेतून लाटच यायला हवी. बॉक्स हा मधला दुभाषा, आकडे ऐकून लाटेत सांगणारा. आमच्या बॉक्सची अडचण इतकीच होती की तो पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांतून बोलायचा आणि आमच्या टीव्हीला कान एकच, पाठीमागचं अँटेनाचं भोक.

"काका, हा टीव्ही आता काढा," केबलवाल्याचा मुलगा म्हणाला.

"टीव्हीला काय झालंय?" बाबा म्हणाले. "कार्यक्रम बिघडलेत."

मी लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक मॉड्युलेटर आणला. पिवळी पिन एका अंगाने आत, अँटेनाची तार दुसऱ्या अंगाने बाहेर. जोडला, बाबांनी चाक फिरवलं आणि चित्र आलं, पण आवाजाच्या जागी नुसता खरखराट. निवेदिका तोंड हलवतेय आणि मागे कोणी पापड तळतंय. परत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने डबी उलटीपालटी केली. "हा सहावर बोलतो. आपल्या टीव्हीला साडेपाच लागतं." म्हणजे चित्रापासून आवाज किती मेगाहर्ट्झ दूर ठेवायचा, हे देशोदेशी वेगळं असायचं, ब्रिटनमध्ये सहा, आपल्याकडे साडेपाच. मी घरी येऊन समजावलं. बाबांनी विचार केला. "अर्ध्याचाच प्रश्न आहे ना? मग त्याला जरा हळू बोलायला सांग."

शेवटी उपाय आईने काढला. माळ्यावर मामाने 1986 साली मस्कतहून आणलेला व्हीसीआर होता. त्यावर शेवटची कॅसेट माझ्या मुंजीची लागली होती. व्हीसीआरला पिना घेता येतात आणि अँटेनाच्या तारेतून बोलता येतं, म्हणजे आम्हाला हवा होता तो दुसरा दुभाषा इतकी वर्षं गोधडीत गुंडाळलेला होता. आधी बॉक्स, मग व्हीसीआर, मग टीव्ही. बारावं बटण दाबलं. चित्र आलं, आवाजही आला. फक्त चित्र काळं-पांढरं होतं आणि खालून वर सरकत होतं, थांबायचं नाव नाही.

केबलवाल्याच्या मुलाने मान हलवली. "काका, बॉक्स एनटीएससीवर आहे. तुमच्या टीव्हीत फक्त पाल आहे."

आई आतून झाडू घेऊन आली.

यात तिची चूक नव्हती. टीव्हीच्या मागे उबेला एक पाल खरोखरच राहायची. पण ही पाल जर्मनीची, रंगीत चित्र पाठवायची पद्धत. 1982 पासून आपले रंग तिच्याच जिवावर होते. ती सेकंदाला 25 चित्रं दाखवते, 625 रेघांची. अमेरिकेची एनटीएससी 525 रेघांत भागवते आणि चित्रं मात्र तिसाच्या घरात पळवते. "म्हणजे आपल्या शंभर रेघा जास्त!" बाबांना एकदम हुरूप आला. पुढे आठवडाभर ते जिन्यात भेटेल त्याला हा आकडा सांगत होते.

बॉक्सला पालीवर आणायचं तर त्याच्या मेनूत शिरायला हवं. मेनू पडद्यावर दिसायला हवा. पडदा तर वर सरकतोय. मुलाने दोनदा रिमोट नेम धरून दाबून पाहिला, दुसऱ्या वेळी बॉक्सची भाषा तमिळ झाली. मग त्याने बॉक्स काखेत मारला, समोरच्या वहिनींच्या नव्या टीव्हीवर नेऊन सुधारला आणि परत आणला. त्या संध्याकाळी आमच्याकडे रंग आले.

आता टीव्ही लावणं हा विधी झाला. व्हीसीआर, बॉक्स, टीव्ही, याच क्रमाने. आईने क्रम कागदावर लिहून कपाटाला चिकटवला. नवी चित्रं रुंद आणि आमचा पडदा चौकोनी, त्यामुळे मालिकेतले सगळे लांबट दिसू लागले. "ही सासू बारीक झालीय," आई महिनाभर म्हणत होती, थोड्या असूयेने. मी एका रविवारी बॉक्समधली ती सोय बदलली. सासू पूर्ववत झाली, पण पडद्याच्या दोन्ही कडा छाटल्या गेल्या आणि बातम्यांतला मुख्यमंत्री कडेला उभा असला की अर्धाच दिसू लागला. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. पूर्वी चित्र बिघडलं की मुंग्या यायच्या. मुंग्यांतूनही कोण खेळतोय, हे स्टान्सवरून कळायचं. टीव्हीच्या उजव्या अंगाला बेताची एक थाप दिली की सुधारायचंही. डिजिटलला हा मधला मार्गच माहीत नाही. एक तर लख्ख दिसतं, नाहीतर माणसाच्या चेहऱ्याचे चौकोन होऊन तो तोंड वासून गोठतो. बाबांनी सवयीने बॉक्सला थाप दिली. तो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून चालू झाला. दोन मिनिटं लोगो. तेवढ्यात एक विकेट पडून गेली.

शिवाय आकड्यांचं चित्र परत जुळवायला वेळ लागतो आणि प्रत्येकाचा बॉक्स तो आपल्या सवडीने घेतो. पूर्वी चौकार गेला की सगळी इमारत एकदम ओरडायची. आता आधी तळमजला ओरडतो, मग समोरचे, मग आम्ही.

15 नोव्हेंबर 2013, शुक्रवार. वानखेडेवर सचिनची शेवटची कसोटी. मी रजा टाकून बाबांकडे आलो होतो. आदल्या दिवशीच्या 38 वरून तो 74 वर पोचला होता, फार सुरेख खेळत होता, आणि आई पोळ्या तशाच टाकून दारात उभी होती. आमच्या पडद्यावर देवनारायण चेंडू घेऊन रनअपकडे वळत होता.

तळमजल्यावरून "अरेरे" ऐकू आलं. सगळा तळमजला एका सुरात.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पडद्याकडे पाहिलं. सचिन स्टान्स घेत होता. बाबांचा उजवा हात खुर्चीवरून उठला आणि त्यांनी खट्कन टीव्ही बंद केला. चित्र आकसत मध्यावर आलं, तिथे पांढरा ठिपका झालं, क्षणभर राहिलं आणि विझलं.

"अहो, हे काय!" आई म्हणाली.

"आपल्याकडे तो अजून नाबाद आहे," बाबा म्हणाले आणि व्हीसीआरवरचा रुमाल नीट करू लागले.