हजेरी वहाळावर

गुरुजींची आणि माझी पहिली भेट शाळेत व्हायची ती वहाळात झाली.

मी सांगोल्याकडचा. आमच्याकडं पाऊस आला की शाळा सुटते, इकडं पाऊस थांबला की सुटते, एवढा फरक पुढं चार वर्षांत कळला. त्या दिवशी मात्र बदलीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी पेणहून रोह्याकडं जाणाऱ्या गाडीत बसलो, तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. पेणच्या पुढं कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. यांतल्या कुठल्या स्टेशनावर उतरलो ते सांगत नाही. गुरुजींच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत.

शाळा उघडण्याचा दिवस. म्हणजे प्रवेशोत्सव. दाराला आंब्याचं तोरण, फळ्यावर रंगीत खडूनं ‘स्वागतम्’, आणि दाराला कुलूप. पायरीवर एक कुत्रं. समोरच्या पडवीत वाल निवडत बसलेली म्हातारी म्हणाली, “गुर्जी वलगणीला गेलं. हजेरी वहाळावर हाय.”

वलगण म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला सांगायला हवं. पहिला दणदणीत पाऊस पडला, वहाळ फुगला, की खालचे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढत शेतात येतात. शिवडे, वाम, मुऱ्या. त्या दिवशी गाव म्हणून जे काही असतं ते सगळं गुडघाभर पाण्यात असतं. ज्याच्याकडं पाग आहे तो पाग टाकतो, नसेल तो टोपली लावतो, टोपलीही नसेल तो सदरा काढतो.

मी पोहोचलो तेव्हा एक गृहस्थ लेंगा मांडीपर्यंत गुंडाळून, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन, मधोमध एका खडकावर उभे होते. हातात हजेरीपट. नाव पुकारलं की पाण्यातून कुठूनतरी हात वर यायचा, “हजर!” एकाचा हात वर येताना हातातला शिवडाही आला आणि तिथूनच निसटला. त्या पोरानं गुरुजींकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्याला गैरहजर राहणं परवडलं असतं.

“सत्तावीस पटावर, सत्तावीस हजर,” गुरुजी मला म्हणाले. “शाळेत घेतली असती तर चार. त्यातले दोन तापानं. मास्तर, पोहता येतं?”

“नाही.”

“मग काठावर राहा आणि चौथीचं घ्या.”

चौथीचं काय घ्यायचं, हे विचारायच्या आत ते वामाची लांबी वितीनं मोजण्यात गुंतले. वाम वितीला सापडत नव्हती. दुसरीतली एक मुलगी सांगत होती, “शेपूट धरा गुर्जी, नाय, तिथनं नाय.” शेवटी अडीच वीत ठरली. अर्धी वीत म्हणजे किती, यावर पाच मिनिटं वाद झाला आणि मला काठावर उभ्या उभ्या समजलं, की अपूर्णांक चाललाय.

गुरुजींबद्दल बाहेर एक गैरसमज आहे. अधूनमधून पुण्या-मुंबईकडची मंडळी गाडी करून येतात, झाडाखाली बसलेल्या वर्गाचे फोटो काढतात आणि गुरुजींना मोठे शिक्षणतज्ज्ञ समजतात. तसं काही नाही. गुरुजींना खुर्ची टोचते. वर्गात बसले की आधी वहाणा काढतात, मग घालतात. खिडकी लावतात, मग उघडतात. फळ्यावर तिसऱ्या ओळीला खडू मोडतो आणि मोडलेला तुकडा शोधायला ते जे दाराबाहेर जातात ते परसातल्या उंबराखाली सापडतात. मागून वर्ग आलेलाच असतो. बाहेरच्या शिक्षणाची सगळी चळवळ आमच्या शाळेत खडूच्या तुकड्यापासून सुरू झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण पाहुणा आला, की गुरुजी तत्त्वज्ञान काढतात. त्यासाठी त्यांच्याकडं तीन मोठी माणसं आहेत आणि त्यांना ते जवळच्या नातलगांसारखी वापरतात. एक ताराबाई मोडक. “बोर्डीला 1945 मध्ये बाईंनी काम सुरू केलं, मग अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळाच न्या गुरांमागं! कुरणशाळा म्हणायचे तिला. कुरणशाळेला कधी खिडक्या बसवल्याचं वाचलंय का तुम्ही?” दुसरे विनोबा, पेण तालुक्यातल्याच गागोद्यात 1895 ला जन्मलेले. “त्यांनी प्रमाणपत्रं चुलीत घातली. पुढं अख्खा देश पायी चालले. आणि आपण पोरांना वहाळापर्यंत नेलं तर अर्ज?” विनोबांनी प्रमाणपत्रं जाळण्याआधी मिळवली होती, हे मी एकदा बोललो. तेव्हापासून पाहुण्यांसमोर मला चहा आणायला पाठवतात.

तिसरे सलीम अली. ते अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणीची घरटी बघत बसायचे, आणि त्यांनी टिपून ठेवलं, की घरटं नर विणतो. अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि हा पठ्ठ्या ते पुरं करून दुसरं विणायला घेतो. विहिरीवरच्या शिंदीला लटकलेली घरटी दाखवत गुरुजी हे सांगतात आणि वर म्हणतात, “मराठीनं नाव ठेवलं सुगरण. काम करतो बाप्या, नाव बाईचं.” यावर चौथीतली एक मुलगी एकदा म्हणाली, “आमच्यात उलटं हाय गुर्जी.” गुरुजींनी त्या दिवशी पुढचा धडा घेतला.

आता खरी गोष्ट. गुरुजींना झाडांची नावं येत नाहीत.

हे कळायला मला वर्ष लागलं, कारण त्यांची पद्धतच तशी आहे. रानात एखादं अनोळखी पान दिसलं, की ते थांबतात, चष्मा कपाळावर सारतात, पान लांब धरतात आणि परीक्षेच्या आवाजात विचारतात, “हं. हे काय?” कुणी उलट विचारलं, “तुम्हीच सांगा ना गुर्जी,” तर ठरलेलं वाक्य: “मी विचारतोय. तू सांग.” मग वाडीवरची कातकऱ्यांची पोरं सांगतात. भारंगी, कवळा, लोत, कुडा. कशाची भाजी होते, कशाचं पान तापावर, कुठल्या बिळात मुठे असतात आणि कुठल्यात हात घालायचा नाही. गुरुजी प्रत्येक उत्तराला मान हलवतात, जणू पडताळून पाहताहेत. “बरोबर,” म्हणतात.

एकदा पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब शोधताना माझ्या हाती त्यांची निळी वही लागली. मी उघडली. उघडायला नको होती, पण तांदूळ नऊ किलो कमी भरत होता. आत रकाने आखलेले. नाव, केव्हा दिसते, कोणी सांगितले, शेरा. त्यातलं थोडं मला पाठ आहे.

‘शेवळं. पहिल्या पावसाच्या आधी. तिसरी, खिडकीजवळचा. काकडाच्या फळाबरोबर शिजवावे, नाहीतर घसा खाजतो. (स्वानुभव.)’

‘ओंबील. तांबड्या मुंग्या, पानं शिवून घर करतात. दुसरी, दोन वेण्या. फांदीला हात लावू नये. (स्वानुभव.)’

‘खाजकुयली. शेंग दिसायला मखमली. चौथी, मागचा बाक. मुलाने आधी सांगितले होते. (स्वानुभव. केंद्रप्रमुखांचाही.)’

केंद्रप्रमुखांचा अनुभव मला तोंडी कळला. ते तपासणीला आले होते, गुरुजी वर्गासह टेकडीवर, हे चिडून मागोमाग चढले आणि दम खाण्यासाठी त्यांनी नेमका तोच वेल धरला. शेरेबुकात त्या दिवशीचा शेरा नाही. सही आहे, तीही थरथरलेली.

वहीत सगळ्यात जास्त पानं मुठ्यांना. शेताच्या बांधातला हा खेकडा म्हणजे गुरुजींचा आवडता विद्यार्थी. तो उलटा धरायचा. पोटावर झाकण असतं. अरुंद आणि टोकाकडं निमुळतं असलं तर नर, रुंद आणि गोल असलं तर मादी. मादीच्या झाकणाखाली पिल्लं असली तर सोडून द्यायची. पोरं असल्या मादीला एरवीही सोडत, पण गुरुजींनी तो नियम आपण केल्यासारखा वहीत लिहिलाय. कुणीही मुठा आणला, की पहिला प्रश्न एकच, “नर का मादी?” आमच्या शाळेतली पोरं पाहुण्यांच्या कुत्र्याबद्दलही हाच प्रश्न विचारतात.

जुलै-ऑगस्टात गुरुजींची दिशा बदलते. पेणकडच्या नात्यागोत्यातली थोरली पोरं गणपतीच्या कारखान्यांत हाताखाली जायला लागतात, मग गुरुजी वर्गच हमरापूर-जोह्याकडं काढतात. एकदा मीही गेलो. मांडणीवर शेकडो पांढऱ्या मूर्ती, अजून डोळे नसलेल्या. एक म्हातारे कारागीर डोळ्यांची आखणी करत होते. बारीक कुंचला, श्वास रोखलेला, वरची पापणी एका ओढीत. पोरं तर गप्पच, गुरुजीही अर्धा तास गप्प उभे. वहाणांशी खेळले नाहीत. शेवटी कारागीर म्हणाले, “गुरुजी, काहीतरी शिकवा त्यांना, नुसतं उभं काय करताय.” गुरुजी म्हणाले, “तुमचं चालू द्या.”

दिवाळीनंतर मात्र पट उतरतो. वाडीवरची माणसं वीटभट्ट्यांवर निघतात, पोरांनाही नेतात. सत्तावीसचे पंधरा उरतात. त्या दिवसांत गुरुजी वर्गात बसतात. खडू मोडत नाही. पावसाच्या तोंडावर पोरं परत आली, की पहिल्या दिवशी विचारतात, “काय शिकलात?” गेल्या साली एक तिसरीतला म्हणाला, “हजार.” भट्टीवर मजुरी हजार विटांवर मिळते. त्याला शंभराचा पाढा येत नव्हता, पण दहा हजारांत तीनशे चौसष्ट फुटल्या तर किती उरल्या, हे त्यानं बोटंही न मोजता सांगितलं. गुरुजींनी हजेरीपटावर त्याच्या सहा महिन्यांच्या गैरहजेरीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, “मास्तर, पहिली ते पाचवीला कायद्यानं वर्षाला तास किती?”

“आठशे. दिवस दोनशे.”

“ते कुठं बसून, लिहिलंय?”

“नाही.”

“मग ठीक.” पण काही ठीक नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं, आणि त्या दिवशी ते कुठंही गेले नाहीत.

2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, त्यात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस आहेत असं मी वाचून दाखवलं. गुरुजी म्हणाले, “म्हणजे पाचवीपर्यंत ओझं वाहायचं आणि मग दहा दिवस पाठ सरळ करायची.” पण पुढं आमच्याकडंही वरून पत्र आलं. अमुक वारी मुलांना परिसरात न्यावं. सोबत तक्ता: निघण्याची वेळ, उद्दिष्ट, निष्पत्ती, परतण्याची वेळ, आणि ठिकाण उमटलेले पाच फोटो.

मला वाटलं, गुरुजी नाचतील. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही न्या.”

“आणि तुम्ही?”

“मला वर्गात काम आहे.”

आणि खरंच बसले. ऑगस्टातली उघडीप, बाहेर हिरवंगार, आणि गुरुजी आत, दार लोटून, पाठ्यपुस्तकातलं उंबराचं चित्र बघत. बाहेर पोरांना रांगेत उभं करून मी मोबाइल धरला. ‘निघण्याची वेळ’ या रकान्यात दहा लिहिलं. फोटो धड येईना, कारण प्रत्येक फोटोत सगळी पोरं खिडकीकडं बघत होती.

एवढ्यात तो हजारवाला बांधावरून पळत आला. हातात मुठा, मागून नीट धरलेला, नांग्या हवेत. माझ्याकडं न बघता सरळ खिडकीशी गेला आणि गजांमधून तो आत दाखवला.

गुरुजींनी पुस्तकातून मान वर केली. “नर का मादी?”

“मी विचारतोय,” पोरगं म्हणालं. “तुम्ही सांगा.”

“उलटा धर.”

“नाय. हितं येऊन बघा.”

आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग टेबलाखाली पायांनी वहाणा चाचपल्याचा आवाज आला. तक्त्यातला ‘परतण्याची वेळ’ हा रकाना मी अजून भरलेला नाही.