ग्रीक विभक्ती : इंग्रजीभाषक साधकासाठी विधी

प्राचीन ग्रीक शिकू पाहणाऱ्या इंग्रजीभाषकाने आरंभीच पळीभर पाणी सोडून संकल्प करावा : शब्दाच्या जागेवर यापुढे विश्वास ठेवणार नाही. क्रियापदाच्या अलीकडे बसेल तो कर्ता, पलीकडे बसेल ते कर्म, हे त्याचे बाळकडू. ग्रीकमध्ये मात्र ‘हो क्युओन दाक्नेइ तोन आन्थ्रोपोन’ म्हणा की ‘तोन आन्थ्रोपोन दाक्नेइ हो क्युओन’ म्हणा, कुत्राच चावतो आणि इंजेक्शने माणसालाच घ्यावी लागतात. मराठी वाचकाला यात नवल नाही. साधकाला मात्र इथे थोडे बसू द्यावे.

‘आमच्यात विभक्ती नसतात’ असे तो म्हणेलच. त्याला ‘ही’ आणि ‘हिम’ दाखवावेत. ‘हू’ आणि ‘हूम’चा विषय काढू नये, सुशिक्षित घरांत त्यावरून भांडणे होतात.

मग उपपद. इंग्रजीत एकटे ‘द’ साऱ्या संसाराला पुरते. ग्रीक उपपदाची लिंग, वचन, विभक्तीनुसार 17 वेगवेगळी रूपे, तीही द्विवचन वगळून. ती ‘रामः रामौ रामाः’च्या चालीवर मोठ्याने घोकावीत, शक्यतो शेजारी कामावर गेल्यावर. पाठांतर टाळण्याच्या युक्त्या शोधण्यात पाठांतराहून अधिक वेळ जातो. तक्त्यात प्रथमेनंतर कोण, यावर अमेरिकी आणि ब्रिटिश पुस्तकांचे जमत नाही : तिकडे सहसा षष्ठी येते, इकडे संबोधन आणि द्वितीया. एकच पुस्तक घ्यावे आणि दुसऱ्याला नावे ठेवावीत.

विभक्ती पाचच, हे ऐकून साधक हुरळतो. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, संबोधन. पण तृतीया, पंचमी, सप्तमी गेल्या कुठे? सरकारी कचेरीत निवृत्तांच्या जागा भरत नाहीत आणि त्यांच्या फायली शेजारच्या टेबलावर सरकवतात, तसे झाले. पंचमीचे काम षष्ठीकडे आले. तृतीया आणि सप्तमी या दोघींचे चतुर्थीकडे. म्हणून चतुर्थी दिसली की ‘-ला’ म्हणून मोकळे होऊ नये. ती ‘-ने’ असेल, ‘-त’ही असेल, संदर्भ बघावा, नाहीतर गुरुजींचा चेहरा.

शब्दयोगी अव्ययांशी जपून वागावे. ‘मेता’पुढे षष्ठी आली तर ‘सोबत’, द्वितीया आली तर ‘नंतर’. बायकोसोबत घरी आलो की बायकोनंतर, हे एका प्रत्ययावर ठरते आणि खुलासा करायला फार वेळ मिळत नाही. नपुंसकलिंगी अनेकवचनाला क्रियापद बहुधा एकवचनी लागते, म्हणजे ‘मुले खेळते’. याला चूक म्हणू नये. अथेन्समधल्या उत्तम लेखकांनी असेच लिहिले आहे. आणि झ्यूसला षष्ठीत ‘दिओस’, द्वितीयेत ‘दिआ’ होताना पाहून देव हरवला असे समजू नये. संस्कृत शिकलेल्याला द्यौः, दिवः आठवेल. त्याने गालातल्या गालात हसावे, पण साधकाच्या देखत नाही.

एवढे साधल्यावर अथेन्सला जावे. तिथे कळेल की आधुनिक ग्रीकने चतुर्थी केव्हाच सोडून दिली. उरली ती ठरीव शब्दप्रयोगांपुरती. त्यांतला एक मात्र दिवसभर कानी पडतो. ‘ठीक आहे’ म्हणायला लोक ‘एन्दाक्सी’ म्हणतात, आणि त्याच्या पोटात अस्सल जुनी चतुर्थी आहे. कॉफी आणणारा वेटर ते म्हणेल तेव्हा साधकाने विभक्ती ओळखून मान डोलवावी. वेटरला वाटेल, बिल मागतोय.