हवा गेली, कॅलरी राहिली

मे महिन्यात चंद्रपुरात राहून वजन वाढवणं सोपं नाही, पण मनावर घेतलं तर जमतं. दुपारी जेवणाकडे पाहवत नाही. ताक, पन्हं, आंबील, कच्चा कांदा आणि वाळ्याच्या कूलरसमोर आडवं पडणं, एवढ्यावर माणूस दिवस काढतो. देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांची नावं संध्याकाळच्या बातम्यांत येतात. त्यांत चंद्रपूर नाही तर निदान ब्रह्मपुरी असावं, अशी आमची माफक अपेक्षा असते. ४६ चा आकडा झळकला की शेजारचे भाऊ समाधानानं म्हणतात, "आज जमलं जी!" मग जटपुरा गेटाकडे गर्दी सुरू होते, तोंडावरचे दुपट्टे सुटतात आणि दिवसभर जे खाल्लं नाही ते सगळं आईस्क्रीमच्या रूपानं भरून निघतं. नवतपा संपेस्तोवर माझा पट्टा एक भोक बाहेर सरकलेला असतो.

नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंना हे पटेना. आंबिलीवर वजन वाढत नाही, म्हणाल्या. तेव्हा मी आईस्क्रीमचं नाव घेतलं. वाटलं, आता लाल शाईनं काट मारणार. पण आजकाल आहारशास्त्रात बंद काहीच नसतं, सगळं प्रमाणात असतं. "१०० मिलीचा कप आणा. अर्धा खा. उरलेला झाकण लावून फ्रीजरमध्ये ठेवा आणि परवा खा. लहान चमच्यानं, सावकाश, चवीकडे लक्ष देऊन." खोलीत एसी होता. सल्ला बिनतोड होता. त्यातले 'सावकाश' आणि 'परवा' एवढे दोनच शब्द वरोऱ्याच्या पुढे चालत नाहीत.

सावकाशचं आधी सांगतो. आमच्याकडे कपाचं झाकण उघडलं की कडा सुटलेल्या असतात. मधे टणक गोळा, भोवती गोड दूध. त्यात तो लाकडी चपटा चमचा. त्याला खोलगटपणा नाही, त्यामुळे एका वेळी चढतं ते चिमूटभर, आणि तोंडापर्यंत जाईस्तोवर त्यातलंही निम्मं अंगठ्यावरून मनगटाकडे निघालेलं. तिसऱ्या चमच्याला लाकडाची चव यायला लागते. शेवटी कप ओठाला लावून पिण्यावाचून गत्यंतर राहत नाही. चवीकडे लक्ष देण्याचं म्हणाल तर आमचं सगळं लक्ष शर्टाकडे असतं. मनगटावरचं आईस्क्रीम हिशेबात धरायचं का, हे मी बाईंना फोन करून विचारणार होतो. सौ.नं फोन काढून घेतला.

हिशेब म्हटलं की मी खुलतो. उभी हयात बँकेत गेली. कप हातात आला की आधी मागची बारीक अक्षरं वाचतो, आणि तिथंच पहिली गंमत आहे. कप विकतात मिलीलिटरवर, पोषणाचा तक्ता असतो बहुधा १०० ग्रॅमचा. दोन्ही एकच असं समजून आपण उगाच दुःखी होतो. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे एक लिटर आईस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे लिटरभर डब्यात अर्धा किलोच्या थोडं वर माल, बाकी हवा. यात फसवाफसवी नाही. घुसळताना ती हवा कोंबावीच लागते, नाहीतर आईस्क्रीम फोडायला हातोडा लागेल. तर १०० मिलीच्या कपात माल सुमारे ५५ ग्रॅम. साध्या व्हॅनिलाच्या १०० ग्रॅमला २०० च्या आसपास किलोकॅलरी धरल्या तर अख्खा कप ११० चा आणि अर्धा ५५ चा. एक फुलका याहून जड पडतो. हे कळलं त्या संध्याकाळी मी मोठ्या आनंदात कप आणायला गेलो आणि खरं सांगायचं तर दोन आणले.

दुसरी गंमत विज्ञानाची. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. आता आईस्क्रीम शून्याखाली बारा-पंधरा अंशांवरचं. ते वितळवून अंगाच्या ३७ अंशांपर्यंत आणायचं काम शरीर करणार, म्हणजे काही कॅलरी त्यातच जळणार! मी कागद घेऊन बसलो. कपामागं जेमतेम पाच निघाल्या. पाच तर पाच, व्याज कुणी सोडतं का? पण इथंही चंद्रपूर आडवं आलं. बाहेर ४६ अंश असताना आईस्क्रीम तोंडात जायच्या आधीच वितळलेलं असतं. ते वितळवायचं काम हवेनं केलं, शरीरानं नाही. म्हणजे ती सूटही आमच्या खात्यात जमा होत नाही, सूर्याच्या खात्यात जाते. नागपूरच्या एसीत बसून खाणाऱ्यांना ती मिळते. विदर्भाच्या अनुशेषाबद्दल एवढं बोललं जातं, हा अनुशेष कुणाच्या ध्यानात आलेला नाही.

"अहो, काय मोजून राहिले तुम्ही?" सौ.नं विचारलं. मी तिला कागद दाखवला. तिनं तो नुसता चाळला.

तिची गोष्ट निराळी आहे. ती अंगणवाडीची मुख्यसेविका होती, आणि नोकरीतला मोठा काळ गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली-भामरागडकडे गेला. जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड सगळ्या जगापासूनच वेगळं व्हायचं, तेव्हा तांदूळ-डाळ आधीच पोचवून ठेवावी लागे. तिनं आयुष्यभर कॅलरीच मोजल्या, फक्त उलट्या बाजूनं. सहा वर्षांखालच्या लेकराला रोजच्या पूरक आहारातून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, फार खंगलेल्याला ८००, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ६००. हे आकडे तिला पाढ्यांसारखे पाठ. तिच्या वजनकाट्यावर आकडा पुढे सरकला की बायका हसत. मी आमच्या काट्यावर उभा राहिलो की घरात शांतता पसरते.

माझ्या कागदावरचा ११० चा आकडा बघून ती म्हणाली, "चार-साडेचार कपात एका लेकराचा दिवस निघते. पण प्रथिनं पाहा, एका कपात दोन ग्रॅम. याच्यापेक्षा उकडलेलं अंडं बरं." २०१५ साली अमृत आहार योजना आली आणि आदिवासी गावांतल्या गरोदर बायकांना एक वेळचं पोटभर जेवण मिळू लागलं, तेव्हापासून तिचा अंड्यावरचा विश्वास आणखी वाढलेला आहे. आईस्क्रीमची आणि अंड्याची तुलना करणाऱ्या बाईशी संसार करून माणूस बारीक कसा झाला नाही, याचं आमच्या नातेवाइकांना नवल वाटतं.

तिच्यासोबत मी एकदा तेंदूपत्त्याच्या हंगामात तिकडे गेलो होतो. पहाटे चारपासून जंगलात पानं तोडून आलेली माणसं दुपारी अंगणात पुडके बांधत बसलेली. सत्तर पानांचा एक पुडका, त्यात एक पान कमी-जास्त नाही. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, पुडक्यांची मोजणी, आणि तिथंच मोटरसायकलला पेटी बांधून कांडीवाला आलेला. लाल, पिवळी, हिरवी कांडी. नुसतं पाणी, साखर आणि रंग. एक म्हातारी दोन्ही हातांत दोन कांड्या घेऊन आळीपाळीनं चोखत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आजी, सर्दी होईल." तिनं माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुले का जी तरास?" मोजणी तिथं पुडक्यांची चालते, कांडीची नाही.

सर्दीवरून आठवलं. विदर्भाला आईस्क्रीमची चटक लावली ती पारशांनी, आणि मुंबईलाही त्यांनीच. अमेरिकेहून जहाजानं बर्फ मुंबईत यायला लागला १८३४ च्या सुमारास. जमशेटजी जिजीभॉयांनी मेजवानीत आईस्क्रीम ठेवलं, यजमान-पाहुणे सगळे सर्दीनं आडवे झाले आणि 'मुंबई समाचार'नं बरी अद्दल घडली असा शेरा मारला, असा किस्सा सांगतात. नागपुरात १९३२ साली राणा बंधूंनी दुधाचा धंदा सुरू केला. पुढं त्यातल्या एका भावाचं नाव इकडच्या टपऱ्या-टपऱ्यांवरच्या फ्रीजरवर झळकलं. आमच्या लहानपणी कुणी आईस्क्रीम म्हणत नसे, दिनशॉच म्हणत. लग्नात दिनशॉ होतं की नाही यावरून मुलीकडच्यांची ऐपत ठरे. त्या पंगतींत कपाचा आकार कोण बघत होतं? झाकण चाटून मगच टाकायचं, एवढा एकच नियम होता.

आहारतज्ज्ञ बाईंच्या वेळापत्रकात चालण्याचाही रकाना होता. एका कपाला अर्धा तास झपाझप. आता चंद्रपुरात मे महिन्यात झपाझप चालायचं कधी? अंधारात एकटे फिरायला जाऊ नका, असं वनखातं बजावतं. वाघाला ताडोबा पुरत नाही, तो वीजकेंद्राच्या आवारातही राहतो. उजाडल्यावर जाऊ नका, असं ऊन बजावतं. मधे वीसेक मिनिटं सापडतात. तेवढ्यात सगळं शहर रामाळा तलावाकडे लोटतं, आणि परत येताना तर्री-पोह्याच्या गाड्या लागतात. त्या रकान्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता 'परवा'.

आमच्या शहराला खेटून २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र उभं आहे. त्याचा धूर आम्हाला घरबसल्या दिसतो. तरी वळवाचं वादळ आलं आणि कडुनिंबाची फांदी तारेवर पडली की लाईन जाते ती जाते. दोष वाऱ्याचा. मी बाईंच्या सांगण्याप्रमाणे अर्धा कप झाकण लावून फ्रीजरमध्ये ठेवला होता, झाकणावर तारीखही घातली होती. रात्री लाईन गेली, पहाटे आली. 'परवा' उजाडला तेव्हा झाकण उघडतो तर अर्धा कप पाव झालेला! मला आधी नातवाचा संशय आला. मग चमचा घातला तर तो आत जाईना. वर पिवळसर पापुद्रा, खाली दगड, दाताखाली बर्फाची कचकच.

झालं होतं ते साधं होतं. आईस्क्रीम वितळलं तेव्हा आतली हवा निघून गेली, पुन्हा गोठलं ते हवेशिवाय. बर्फाचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे झाले. आकार निम्मा, माल तेवढाच. हवा गेली, कॅलरी राहिली. मुलीनं मोबाइलवर टाकून दिलेल्या अ‍ॅपमध्ये मी '२५ मिली' भरलं आणि त्यानं मला २५ मिलीच्याच कॅलरी लावल्या. बँकेत असा ताळेबंद कुणी पुढे केला असता तर मी फाईल परत पाठवली असती.

त्या पाव कपाचं काय करायचं यावर फार चर्चा झाली नाही. वितळून पुन्हा गोठलेलं खायचं नसतं, असं म्हणून सौ.नं तो सरळ मोरीत ओतला. तिथं बाईंचा 'परवा' संपला. चंद्रपुरात आईस्क्रीम आणलं की ते आजच संपवायचं, आणि आजच संपवायचं तर खाणारी तोंडं वाढवायची, एवढाच मार्ग उरतो. माझ्या प्रमाणाचा प्रश्न मुळात गणिताचा होता, भागाकाराचा.

पुढच्या वादळाला ते सिद्धही झालं. एकावर एक फुकट म्हणून ७०० मिलीचे दोन डबे आणून ठेवले होते. हिशेबानं ७७० किलोकॅलरीचा एक, म्हणजे नवरा-बायकोच्या वाट्याला डबा-डबा. आठ वाजता लाईन गेली. अर्ध्या तासात मी गच्चीवरून आरोळी ठोकली आणि गल्ली वाट्या घेऊन वर आली. वाढायला सौ. बसली, अंगणवाडीतला मापाचा डाव घेऊन. त्या डावापुढं वशिला चालत नाही. समोरच्या वहिनी "अजून थोडंसं" म्हणाल्या, तर "सगळ्यांना पुरू द्या" एवढंच उत्तर. सोळा वाट्या झाल्या. मनात भागाकार केला, माणशी ९६. आहारतज्ज्ञ बाईंनी पाठ थोपटली असती.

शेजारचे भाऊ वाटी संपवून कठड्याला टेकले, खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली, चिमूट गालात सरकवली आणि मला म्हणाले, "एक सांगू का जी? हे गोड-बीड कमी करा आता. तब्येतीले चांगलं नसते, बापा."

डब्यांच्या कोपऱ्यांत थोडं उरलं होतं. ते कुणाच्या हिशेबात धरायचं हे ठरेपर्यंत अंधारात कुणीतरी बोट फिरवून गेलं. माझ्यावर संशय घेण्यात आला, पुरावा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात गेलो. निश्चय पक्का होता. वाटायला नको, ठेवायला नको, आपल्यापुरता लहानात लहान कप.

"५० मिलीचा द्या."

"पन्नासचा कुठून द्याव जी लग्नाच्या सीझनमध्ये? सगळे केटरिंगवाले उचलून नेतात." त्यानं फ्रीजरमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. "रात्री लाईन गेली म्हणून आज सगळा माल नवीन आला हाये. शंभरचा घ्या ना, एकावर एक फ्री."

"आणि दुसरा कोण खाईल?"

"काय विचारून राहिले, भाऊजी," तो म्हणाला, आणि दोन्ही कपांवर दोन चमचे ठेवले.